हार्डनेस वाढला, मग झीज का वाढली?

प्रश्न: आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. एलएम६ ॲल्युमिनियममध्ये (सिलिकॉन असलेला ओतकामाचा मिश्रधातू) फ्लाय ॲश, म्हणजे कोळसा जाळल्यावर धुरातून मिळणारी बारीक राख, मिसळून स्टर कास्टिंग केलं, म्हणजे वितळलेल्या धातूत ढवळून ओतलं. ५ आणि १० टक्क्यांना पिन-ऑन-डिस्कवर (फिरत्या चकतीवर नमुन्याची पिन दाबून झीज मोजायचं मशीन) झीज मस्त कमी आली, पण १५ टक्क्यांची पिन साध्या एलएम६ पेक्षाही जास्त झिजली आणि हार्डनेस मात्र १५ लाच सगळ्यात जास्त. सर म्हणतात रीडिंग चुकलंय, परत घ्या. खरंच चुकलं असेल का? आणि राखेऐवजी अंड्याच्या टरफलांची पावडर चालेल का?

उत्तर: रीडिंग परत जरूर घ्या, पण आधीचं फेकून देऊ नका, कारण माझ्या मते ते बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. हार्डनेस आणि झीज यांचं नातं आपण पुस्तकात आर्चर्डच्या सूत्रातून शिकतो, की लोड आणि सरकलेलं अंतर वाढलं की झीज वाढते आणि हार्डनेस वाढला की कमी होते, पण त्याच सूत्रात K नावाचा एक गुणांक बसलाय ना, सगळी गंमत त्याच्यात आहे, तो कितीतरी पटींनी वर-खाली होऊ शकतो आणि राखेचा कण धातूने किती घट्ट धरलाय हे त्या K मध्येच येतं. हार्डनेस मोजायच्या ब्रिनेल टेस्टचा बॉल कणाला वरून खाली दाबतो, तेव्हा कण सैल असला तरी बिचारा जाणार कुठे, हार्डनेस चांगलाच दिसतो. डिस्क मात्र त्याला आडवं ओढते. सैल कण उपटून बाहेर येतो, पिन आणि डिस्कच्या मध्ये अडकतो आणि पॉलिश पेपरसारखा दोघांनाही घासत बसतो. म्हणजे झीज थांबवायला घातलेली पावडरच झीज करायला लागते.

आता १५ लाच असं का, तर राख वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सहज भिजत नाही. जितकी जास्त घालाल तितके कणांचे पुंजके होतात, पुंजक्याच्या आत हवा अडकते आणि ढवळताना भोवऱ्यातून आणखी हवा आत जाते ते वेगळंच. हे तपासायला महागडं मशीन लागत नाही. पिनेची डेन्सिटी पाण्यात वजन करून काढा आणि हिशोबाने यायला हवी तिच्याशी ताडून बघा. एलएम६ ची २.६५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर धरली आणि तुमची राख समजा २.१ ची असेल तर १५ टक्के वजनाला कंपोझिटची (म्हणजे धातू आणि राखेच्या मिश्रणाची) साधारण २.५५ यायला हवी. प्रत्यक्षात २.४० आली तर जवळपास ६ टक्के पोकळी आहे, आणि एवढ्या पोकळीत झीज वाढली तर त्यात नवल काहीच नाही. राखेची डेन्सिटी मात्र स्वतः मोजा कारण पोकळ गोळ्यांची राख पाण्यापेक्षाही हलकी असते, ती वितळलेल्या धातूच्या रसावर तरंगते आणि वरच्या मळीबरोबर निघून जाते, मग घातली १५ आणि राहिली किती हे मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही. अजून एक, झीज नुसत्या ग्रॅममध्ये लिहू नका, डेन्सिटीने भागून व्हॉल्यूममध्ये लिहा, नाहीतर हलक्या कंपोझिटला फुकटचा फायदा मिळतो.

डिस्कखालचा चुरा गोळा केलाय का? नसेल तर पुढच्या वेळी पांढऱ्या कागदावर नक्की घ्या. बारीक काळपट पावडर असेल तर बहुतेक ऑक्साइडचा थर बनून हळूहळू निघतोय, ही सौम्य झीज. चमकणाऱ्या पातळ पापड्या दिसल्या तर पृष्ठभागाखाली तडे जाऊन थरच्या थर सुटतोय, आणि तो तडा बहुतेकदा पुंजक्यापासून किंवा पोकळीपासूनच सुरू होतो. डिस्कचंही वजन आधी-नंतर करा प्लीज, पिन वाचली आणि समोरचा पार्ट खाल्ला गेला तर इंजिनीअरला त्याचा काय उपयोग!

सुधारायचं असेल तर टक्का वाढवण्याआधी राखेकडे बघा. चाळून एका साइजची घ्या, भट्टीत तापवून ओल आणि उरलेला कोळसा जाळून टाका आणि गरम असतानाच थोडी थोडी सोडा. ओली पावडर रसात टाकणं तर जिवावरचं काम आहे, वाफ होऊन रस उडतो, आणि ॲल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन घेऊन हायड्रोजन मोकळा करतं, तो कास्टिंगला भोकं पाडतो. एलएम६ मध्ये मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच, म्हणून साधारण १ टक्का घालतात, त्याने कण भिजायला मदत होते. पण राखेतली सिलिका तेच मॅग्नेशियम खाते सुद्धा, त्यामुळे रस तासभर धरून ठेवू नका.

टरफलांचं म्हणाल तर पावडर घालता येते, पण राखेइतकी अपेक्षा ठेवू नका. टरफल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, मोहच्या स्केलवर ३ च्या आसपास, आणि राखेतलं क्वार्ट्झ ७ चं, राखेतलंच दुसरं कठीण खनिज म्युलाइट पण ६-७ चं. वजन आणि खर्च कमी करायला टरफल ठीक आहे. आतला पापुद्रा नीट काढावा लागतो, नाहीतर तो जळून गॅस सोडतो. आणि खूप तापवून भाजलं की त्याचा चुना होतो, तो हवेतली ओल ओढतो, मग आज भाजून पुढच्या आठवड्यात ओतायचं असं चालणार नाही, भाजल्याबरोबर वापरा.

प्रश्न: फ्लाय ॲशच्या कंपोझिटला टर्निंग करताना एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलची धार लगेच जाते. काय करावं?

उत्तर: जाणारच, कठीण कण टूललाही घासतात. कार्बाइड वापरा, जॉब जास्त असतील तर पीसीडी (कृत्रिम हिऱ्याच्या कणांचं टूल). आणि साचाच असा करा की मशीनिंगला कमीत कमी माल ठेवावा लागेल. सुक्या मशीनिंगला मास्क लावा, त्या धुळीत सिलिका असते.