अल्यूत गवताची टोपली शिकायचीय? आधी हे वाच
अगं, अल्यूत म्हणजे अलास्काच्या अल्यूशन बेटांवरचे मूळ रहिवासी. पहिल्या झटक्यात त्यातल्या आट्टू बेटावरच्या त्या कापडासारख्या बारीक टोपल्यांच्या मागे लागू नकोस, आधी साधी चटई नाहीतर मासे वाहायची सैल विणीची पिशवी कर, रोजच्या वापरात तेच असायचं, शिवाय गवताचे मोजे, हातमोजे, घरात आडोशाला पडदे. म्युझियममधल्या रेशमी नक्षीच्या झाकणवाल्या टोपल्या बऱ्याचशा विकायलाच केलेल्या.

खरं काम विणायच्या आधीच असतं. रानटी राय गवत अगदी समुद्रालगतचं घेऊ नको, जाडंभरडं निघतं, जरा वर टेकडीवरचं बघ. कडक उन्हात टाकायचं नाही, सावलीत आठवडेच्या आठवडे हळूहळू वाळू दे, मग पातं अंगठ्याच्या नखाने उभं चिरायचं (मॅनिक्युअर विसर आता!). विणताना ओलसर ठेव नाहीतर तुटतं, आणि दोन आडव्या काड्या उभ्या काडीभोवती पीळ देत नेताना ताण सारखा ठेव, इथेच सगळ्यांची वाट लागते.

अल्यूत विणकर अन्फेसिया शाप्स्निकॉफ यांचं काम नक्की शोध, त्यांनी अलास्कात ठिकठिकाणी जाऊन हे शिकवलं. आट्टूची शैली शिकवणारे मात्र फार कमी, 1942 मध्ये जपानी सैन्याने तिथली माणसं नेली आणि युद्धानंतर गाव पुन्हा वसलंच नाही.