पायथनमध्ये मजकूर साठवणारे व्हेरिएबल कसे तयार करावे?

व्हेरिएबलचा, म्हणजे माहिती साठवण्यासाठी दिलेल्या नावाचा, प्रकार (मजकूर की संख्या) आधी जाहीर करावा लागतो का आणि अवतरणचिन्हे एकेरी द्यावीत की दुहेरी, असे आपण विचारले आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत प्रकार जाहीर करावा लागत नाही. डावीकडे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे अवतरणचिन्हांत मजकूर लिहिला की स्ट्रिंग, म्हणजे मजकूर स्वरूपातील माहिती, तयार होते.

नाव = "ज्योत्स्ना"

पायथन 3 मध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीतही चालतात, त्यामुळे ही ओळ आहे तशी चालेल. एकेरी आणि दुहेरी चिन्हांत काहीही फरक नाही. मजकुरात जे चिन्ह येणार नसेल ते बाहेर वापरावे. मजकूर अनेक ओळींचा असल्यास तीन-तीन चिन्हे द्यावीत. मात्र वर्ड प्रोसेसरमधून उतरवलेली वळणदार अवतरणचिन्हे पायथन स्वीकारत नाही, आणि नवशिक्यांची पहिली त्रुटी पुष्कळदा तिथेच येते.

खरे महत्त्व आहे ते कोणती माहिती स्ट्रिंगमध्ये ठेवायची, या निर्णयाला. मुंबईचा एसटीडी कोड 022 अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर पायथन 3 त्रुटी दाखवते, कारण पूर्णांकाच्या सुरुवातीला असे शून्य चालत नाही. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, ते सगळे, म्हणजे फोन क्रमांक, पिनकोड, हजेरी क्रमांक, मी स्ट्रिंग म्हणूनच साठवतो. उलट, वापरकर्त्याने टाइप केलेली माहिती घेणाऱ्या इनपुट फंक्शनने (input) घेतलेले वय नेहमी स्ट्रिंग म्हणूनच येते. इंट फंक्शनने (int) त्याचा पूर्णांक केल्याशिवाय त्यात 1 मिळवता येत नाही.

एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलता येत नाही. नाव = नाव + "ताई" असे लिहिल्यावर जुन्या मजकुरात भर पडत नाही, तर नवी स्ट्रिंग तयार होऊन तेच व्हेरिएबल तिच्याकडे निर्देश करू लागते.

मराठी मजकुराबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण इंग्रजी उदाहरणांवर शिकताना ती लक्षात येत नाही. वरच्या नावाची लांबी लेन फंक्शनने (len) मोजली, तर उत्तर 10 येते. आपल्याला ज्यो आणि त्स्ना अशी दोनच अक्षरे दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सर्व लिप्यांची चिन्हे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्त स्वतंत्रपणे मोजला जातो. याच नावाचे पहिले तीन घटक कापून घेतले, तर हाती फक्त "ज्य" उरते. म्हणून अर्जातील नावाच्या रकान्याला लांबीची मर्यादा घालायची असेल, तर ती अशा जोडाक्षरांच्या नावांवर तपासूनच ठरवावी.