हौसेचा हिशेब मांडू नकोस

प्रिय मित्रा,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिल्या पगारातून तू हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल आणि रनिंगचे बूट या दोन्ही वस्तू एकाच महिन्यात घेतल्यास, हे वाचून आनंद झाला. मात्र त्यासोबत ‘जितकी मिनिटे पळेन तितकीच मिनिटे खेळेन’ हा जो नियम तू स्वतःला घालून घेतला आहेस, तो मला मुळीच पटलेला नाही. घरच्यांच्या ‘डोळे जातील’ या पालुपदाला उत्तर म्हणून तो काढला असशील, हे समजू शकतो. पण अशा नियमामुळे खेळणे हा गुन्हा ठरतो आणि पळणे ही त्याची शिक्षा. आणि शिक्षा म्हणून पहाटे साडेपाचला उठणारा माणूस पावसाळ्याची पहिली सर येताच पुन्हा पांघरूण ओढून घेतो.

खेळाविषयी आधी लिहितो, कारण त्याची बाजू तुमच्या घरात कोणी घेत असेल असे वाटत नाही. या छोट्या यंत्रांचा जन्मच फावल्या वेळासाठी झाला. निन्टेन्डो या जपानी खेळ-कंपनीचे गुन्पेई योकोई यांनी आगगाडीत एका कंटाळलेल्या प्रवाशाला कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेले पाहिले आणि त्यावरून त्यांना १९८० च्या ‘गेम अँड वॉच’ या खिशात मावणाऱ्या खेळयंत्राची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. पुढे १९८९ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘गेम बॉय’चा पडदा हिरवट होता, त्याला ना रंग होते ना मागचा प्रकाश, पण चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांहून अधिक सहज चाले. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीचा ‘गेम गिअर’ रंगीत आणि उजळ होता, परंतु सहा सेल काही तासांतच फस्त करी. बाजारात टिकला तो ‘गेम बॉय’च. स्वस्त आणि पुरते पारखलेले तंत्र घेऊन त्यातून नवे खेळणे घडवायचे, ही योकोईंची रीत होती. म्हणून तुझ्या हातातले यंत्र दोन पिढ्या जुने आहे याची खंत करू नकोस.

आपल्याकडे ‘गेम बॉय’ थोड्यांच्याच हाती पडला. जत्रेत आणि एस.टी. स्टँडवर मिळणाऱ्या ‘ब्रिक गेम’ने मात्र नव्वदच्या दशकात गावोगावची मुले गुंतवून ठेवली. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत मोजकेच खेळ निघत, तरी कोणाची तक्रार नसे. त्यातला ठोकळ्यांचा खेळ म्हणजे १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी रचलेल्या टेट्रिसचीच नक्कल. त्या खेळाला शेवट नाही. ठोकळे वाढत्या वेगाने पडत राहतात आणि माणूस हरूनच उठतो. खेळ निवडताना हा स्वभाव आधी पाहावा. ठाण्याहून दादरला जाताना बसायला जागा मिळाली, तर दहा मिनिटांत एक डाव संपेल असा खेळ उत्तम. लांबलचक कथेचा खेळ रविवार दुपारसाठी राखून ठेवावा. बटण दाबताच खेळ आहे तिथे थांबतो आणि उद्या तिथूनच सुरू होतो, ही या यंत्रांची मोठी सोय आहे. ती वापर.

जुना कन्सोल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतला आहेस, तेव्हा दोन गोष्टी तपासून घे. मागचे झाकण किंचित वर उचलले गेले असेल तर आतली बॅटरी फुगली आहे असे समज आणि ती बदलेपर्यंत चार्जिंगला लावू नकोस. दुसरे म्हणजे पात्र हलवायच्या काठीवरचे (जॉयस्टिकवरचे) बोट काढून घेतल्यावरही पडद्यावरचे पात्र आपोआप एका बाजूला सरकत असेल, तर ती काठी झिजली आहे. दुकानदार ‘सेटिंग आहे, होईल ठीक’ म्हणाला तरी विश्वास ठेवू नकोस.

आता पळण्याकडे वळतो. तू लिहितोस की दोन किलोमीटरनंतर धाप लागून थांबावे लागते. याचा अर्थ तू गरजेपेक्षा वेगाने पळतो आहेस, एवढाच. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतका वेग ठेव, आणि बोलता येईनासे झाले की चाल. चालण्यात कमीपणा नाही. दम काही आठवड्यांतच वाढतो, परंतु हाडे आणि स्नायूबंध पक्के व्हायला त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि नवशिक्यांच्या नडग्या दुखतात त्या बहुधा या तफावतीमुळेच. दोन्ही पिंढऱ्या सारख्याच भरून आल्या असतील तर एक दिवस विश्रांती पुरते. पण नडगीवर एका बोटाने दाखवता येईल असे नेमके दुखत असेल, तर पळणे बंद करून डॉक्टरांना दाखव.

रस्त्याच्या उजव्या कडेने पळ, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतात. कानात काही घालू नकोस. कुत्रे अंगावर आले तर वेग वाढवण्याचा मोह आवर, चालायला लाग आणि त्याच्याकडे पाठ फिरवू नकोस. परदेशी लेखकांच्या पुस्तकांत हे प्रकरण सहसा नसते, आपल्याकडे ते पहिले हवे.

ऑफिसमधले मित्र जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनला नाव दे म्हणून मागे लागले आहेत, असे लिहितोस. २००४ पासून ही स्पर्धा होते आहे, पुण्याची तर १९८३ पासून, आणि साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ पासून. यांपैकी एकही पुढच्या वर्षी कुठे पळून जाणार नाही. ४२.१९५ किलोमीटरच्या शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ मुरलेल्या धावपटूंनाही चालायला लावतो. यंदा १० किलोमीटरला नाव दे आणि मनगटावरचे घड्याळ आठवड्यातून एकदा तरी घरी ठेवून पळ. अॅपवर दुसऱ्यांचा पेस, म्हणजे पळण्याचा वेग, पाहून आपला आनंद ठरवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. ती फार काळ पळताना दिसत नाहीत.

तुझ्या दोन्ही हौशी खरोखर एकमेकींच्या आड येतात ते फक्त रात्री. कन्सोल अंथरुणात नेऊ नकोस, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लाव. एवढे पथ्य पाळलेस तर मिनिटांच्या त्या तक्त्याची गरज उरणार नाही, तो फाडून टाक.

सध्या कोणता खेळ खेळतो आहेस, हे मात्र लिहायचे विसरलास. उलट टपाली कळव.

तुझा शुभचिंतक