वादळ, पाऊस आणि ठसे : मुद्राचित्रणाची प्रश्नोत्तरे

प्रश्न : उपग्रहाच्या चित्रावरून चक्रीवादळाचा लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, न कोरलेल्या भागाला शाई लावून घेतलेला छाप) केला. छापल्यावर काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही.

उत्तर : बहुधा ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतंय. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ काट्यांच्या उलट फिरतं, आणि ठशावरून कागदावर येताना डावं-उजवं बदलतं. चित्र लिनोवर सरळ उतरवून कोरलंत, तर छापून येतं ते दक्षिण गोलार्धातलं वादळ. किनारपट्टी दाखवली असेल तर बंगालचा उपसागरही पश्चिमेला जातो! ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने रेखाटन करा, तो लिनोवर पालथा ठेवून मागून घासा. ठशावर चित्र उलटं दिसलं की काम बरोबर.

आणखी एक पाहा. उष्णता टिपणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रात सर्वांत पांढरा ढग म्हणजे सर्वांत थंड, म्हणजेच सर्वांत उंच माथा. गडद शाईने छापणार असाल तर तो भाग कोरून काढायचा. वादळाचा डोळा मात्र तुलनेने उबदार, म्हणून काळपट दिसतो. तो कोरू नका. उत्साहाच्या भरात डोळाच पांढरा करणारे पुष्कळ.

प्रश्न : समदाब रेषा (हवेचा सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणाऱ्या नकाशातल्या रेषा) कोरताना तुटतात.

उत्तर : आजूबाजूचं कोरून उठावात राखलेली रेषा एक मिलिमीटरहून बारीक असेल तर ती तुटणारच. त्यातून कोरणी रेषेच्या खाली आत शिरली तर पायाच पोखरला जातो. दोन्ही बाजूंचे उतार बाहेरच्या दिशेने ठेवा, रेषेचा पाया माथ्यापेक्षा रुंद हवा. लिनो कडक झाला असेल तर काही मिनिटं उन्हात ठेवा. त्याहून सोपं म्हणजे बारीक व्ही-कोरणीने रेषाच कोरा, म्हणजे गडद जमिनीवर पांढऱ्या रेषा येतील. मला हेच अधिक देखणं वाटतं.

प्रेस मिळत असेल तर अ‍ॅक्रिलिक पत्र्यावर ड्रायपॉइंट करा, म्हणजे सुईने रेषा ओरखडून त्यांत शाई भरून छापा. मात्र सुईने उठलेली कड दाबाखाली बसत जाते. पंधरा-वीस प्रतींनंतर रेषा फिकटते. तंत्र कुठलंही असो, समदाब रेषा एकमेकींना छेदत नाहीत. त्या जवळ आल्या की वारा जोराचा, म्हणून सजावटीसाठी अंतरं बदलू नका.

प्रश्न : पावसाळ्यात सायनोटाइप (रसायनाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाने उमटवलेले निळे छाप) फिकट आणि मळकट येतात.

उत्तर : दोष द्रावणात, कागदात, उजेडात किंवा धुण्यात असू शकतो. द्रावणं वेगवेगळी करा : 100 मिलि पाण्यात 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलिमध्ये 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. वापरण्यापूर्वी समभाग मिसळा आणि कागदावर लेप द्या. फेरिसायनाइडमध्ये तीव्र आम्ल कधीही घालू नका.

दमट हवेत लेप दिलेला कागद अंधारातही हळूहळू निळसर होऊ लागतो, त्यामुळे पांढरं पांढरं राहत नाही. कागद अंधारात पंख्याखाली सुकवा आणि त्याच दिवशी वापरा. ढगाळ उजेडात वेळही फार वाढतो. घड्याळापेक्षा रंगाकडे पाहा : उघडा भाग पिवळट हिरव्यावरून निळा आणि पुढे राखाडी-तपकिरी झाला की उचला. झाकलेल्या भागातला पिवळेपणा जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. पाणी जड (क्षारयुक्त) असेल तर पहिल्या धुण्यात थोडं व्हिनेगर घाला, कारण अल्कली निळ्याला मारते. साबण तर नकोच. खडू मिसळलेला कागदही याच कारणाने दगा देतो.

हाच पाऊस कामाला लावता येतो. लेप दिलेला सुका कागद काही सेकंद रिमझिमीत धरा. थेंब पडतील तिथे लेप पसरतो, आणि प्रकाश दिल्यावर सरीची नोंद उमटते.

प्रश्न : रडारच्या नकाशातले हिरवा, पिवळा, लाल रंग एकाच ठशातून, टप्प्याटप्प्याने कोरून छापता येतील का?

उत्तर : येतील, पण देखणे येणार नाहीत. या पद्धतीत आधीच्या रंगावर पुढचा बसतो. हिरव्यावर लाल छापला की तपकिरी चिखल होतो. एकतर प्रत्येक रंगाला वेगळा ठसा करा, किंवा पट्टीच बदला : फिकट निळ्यापासून गर्द निळ्यापर्यंत, हलक्या सरीपासून मुसळधारेपर्यंत. क्रम राखला तर माहिती हरवत नाही. प्रतींची संख्या आधीच ठरवा, कारण कोरलेलं परत येत नाही. वाया जाण्यासाठी दोन-चार जादा कागद धरा. कागद दमटपणाने ताणतो आणि रंग सरकतात, म्हणून सगळे कागद आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत ठेवा.

प्रश्न : नासाच्या चित्रावरून प्रती करून विकता येतील?

उत्तर : नासाच्या प्रतिमांवर सहसा कॉपीराइट नसतो. श्रेय द्या, नासाचं बोधचिन्ह मात्र वापरू नका. इतर संस्थांच्या अटी वेगळ्या असतात, तेव्हा चित्रासोबतची सूचना वाचूनच कोरणी उचला.