वाचक विचारतात : बुटीक ट्यूब अँपसमोर बूस्ट लावू की ओव्हरड्राइव्ह?

यावेळी गिटारवाल्यांची पत्रं बरीच आलीत आणि निम्म्यांचं दुखणं एकच आहे, म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय. बाकीच्यांनी आपलं उत्तर त्यातही शोधावं. नवख्यांसाठी : बूस्ट पेडल सिग्नल फक्त मोठा करतं, ओव्हरड्राइव्ह पेडल तो थोडा फाडतं, म्हणजे डिस्टॉर्ट करतं; न फाटलेला आवाज तो क्लीन. अँप आणि पेडलच्या नॉबचे आकडे घड्याळाच्या काट्यासारखे वाचा : नऊ म्हणजे कमी, बारा म्हणजे मध्ये, तीन म्हणजे बराच वर.

प्रश्न : दादा, मी एका बिल्डरकडून हाताने वायरिंग केलेला १५ वॉटचा अँप बनवून घेतलाय. दोन ईएल८४ ट्यूब, बारा इंची एकच स्पीकर, मास्टर व्हॉल्यूम नाही. गिटार टेलिकास्टर, पुढे ट्यूब स्क्रीमर टाइप ओव्हरड्राइव्ह पेडल. घरी एकदम मस्त वाजतं. पण मोरजीला शॅकवर ड्रमर सुरू झाला की सोलोला पेडल दाबून आवाज वाढतच नाही, उलट गिटार मागे गेल्यासारखी वाटते. बँडमधला एकजण म्हणतो क्लीन बूस्ट घे, दुसरा म्हणतो क्लॉन टाइप (क्लॉन सेंटॉर नावाच्या ओव्हरड्राइव्हच्या धर्तीवरचं पेडल) घे. काय घेऊ?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आत्ता काहीच घेऊ नकोस. पेडल ठीक आहे, अँपही ठीक आहे, फक्त घरी तो अँप वेगळ्या जागी उभा असतो आणि शॅकवर वेगळ्या.

घरी व्हॉल्यूमचा नॉब नऊ-दहावर असणार, म्हणजे अँप क्लीन आणि वर भरपूर जागा शिल्लक, पेडल दाबलं की लेव्हल वाढते ती सरळ आवाजात दिसते. शॅकवर ड्रमच्या बरोबरीला यायला तू तोच नॉब दोन-तीनवर नेतोस, तिथे त्या दोन ईएल८४ आधीच जेवढं द्यायचं तेवढं देऊन बसलेल्या असतात, मग पुढून कितीही ढकललंस तरी बाहेर आवाज वाढत नाही, वाढते ती फक्त डिस्टॉर्शन आणि कॉम्प्रेशन. पिकचा पहिला टणत्कार दाबला जातो, आणि गिटार पुढे आहे असं कानाला वाटतं ते त्या टणत्कारामुळेच. वर ट्यूब स्क्रीमर स्वतः साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा बेस कापतो. घरी त्यामुळे आवाज घट्ट वाटतो, इथे मात्र आधीच दबलेला आवाज अजून बारीक होतो. म्हणून मागे जातो.

आकड्यात सांगायचं तर २० डीबीचा (डेसिबलचा) बूस्ट म्हणजे सिग्नलचे व्होल्ट दहापट. पहिल्या १२एएक्स७ ट्यूबच्या कॅथोडवर साधारण दीड व्होल्ट असतात, इनपुट त्याच्या वर गेलं की ती ट्यूबही कापायला लागते. म्हणजे बूस्टने तू पुढची ट्यूब आणि मागच्या ट्यूब दोन्ही दाबणार. आणि आवाजाचा हिशोब असा की वॉट दुप्पट केले तर मिळतात ३ डीबी, आणि कानाला 'डबल' वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. तुझ्या १५ वॉटच्या अँपने छत गाठलं की क्लीन बूस्ट असो की क्लॉन, छत तेच राहणार.

अँपचं घराणं ओळखणं हे पेडलच्या आधीचं काम. बुटीक म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं जुन्या फेंडर, व्हॉक्स आणि मार्शलच्या सर्किटवर उभं आहे. पन्नाशीच्या दशकातला ट्वीड फेंडर किंवा ईएल८४वाला व्हॉक्स एसी३० ही मंडळी लवकर आणि हळूहळू फाटतात. एसी३०मध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे पाठवून डिस्टॉर्शन आवरणारी जोडणी) नाही, त्यामुळे क्लीन कुठे संपलं आणि ड्राइव्ह कुठे सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. १९८९मध्ये सुरू झालेल्या मॅचलेस कंपनीचा डीसी-३० हाही त्याच घराण्यातला. साठीच्या दशकातले ब्लॅकफेस फेंडर, उदाहरणार्थ २२ वॉटचा डीलक्स रिव्हर्ब, बराच वेळ क्लीन राहतात आणि मग फाटतात, म्हणून त्यांच्यासमोर ट्यूब स्क्रीमर इतका शोभतो. फेंडरचा मिड, म्हणजे बेस आणि ट्रेबलच्या मधला पट्टा, थोडा खोल असतो, तो स्क्रीमर भरून काढतो, ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे व्हॉनचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहेच. तुझा अँप ईएल८४वाला म्हणजे वर आधीच चमक आणि मिडची गर्दी, त्याला स्क्रीमर लागतोच असं नाही.

आता करायचं काय. शॅकवर लवकर जा, अँप जमिनीवर न ठेवता खुर्चीवर किंवा क्रेटवर ठेव आणि थोडा मागे कलता कर म्हणजे आवाज तुझ्या पोटऱ्यांना न लागता कानाला लागेल, लोक पाच मिनिटांचं हे काम करत नाहीत आणि पन्नास हजारांची पेडलं घेतात. मग पेडल बंद ठेवून, गिटारचा व्हॉल्यूम फुल, जोरात कॉर्ड मार. अँप फाटायला लागेल तिथून नॉब थोडा मागे घे. आता पेडल चालू कर, ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल दोनवर, टोन बारावर. आता ढकलायला जागा आहे म्हणून सोलो वर येईल आणि अँपही गोड फाटेल. एवढ्यावर ड्रमरला पुरत नसेल तर अँपच्या पुढे एसएम५७सारखा साधा डायनॅमिक माइक लावून पीएत (गाण्याच्या माइकसाठीच्या मोठ्या साउंड सिस्टिममध्ये) दे. पीए नसेल, साउंडवाला नसेल, तर उलटं कर : अँप फाटलेलाच ठेव, ऱ्हिदमला गिटारचा व्हॉल्यूम दहापैकी सहा-सातवर आणि सोलोला पूर्ण दहावर. टेलिकास्टरचा व्हॉल्यूम कमी केला की वरचा ट्रेबल जातो, त्यासाठी पॉटवर छोटा ट्रेबल ब्लीड कपॅसिटर लावून मिळतो, खर्च नगण्य.

खरंच पैसे घालायचेच असतील तर स्पीकर बघ. एका वॉटला ९७ डीबी देणारा स्पीकर काढून १०० डीबी देणारा लावला की फरक ३ डीबी, म्हणजे कागदावर तुझा १५चा अँप ३० वॉटचा झाला. फक्त ओहम जुळले पाहिजेत आणि स्पीकरचे वॉट अँपपेक्षा जास्त पाहिजेत, ईएल८४ फाटल्यावर १५च्या वर जातात.

आणि क्लॉनचं. बिल फिनेगनने १९९४मध्ये क्लॉन सेंटॉर बाजारात आणला, आतमध्ये ९ व्होल्टचे व्होल्टेज वाढवून घेतो म्हणून त्याला मोकळी जागा जास्त, आणि डिस्टॉर्शनबरोबर क्लीन सिग्नलही मिसळत राहतो. त्यामुळे गेन कमी ठेवला की छान बूस्ट होतो, मिडचा हलका उंचवटा देतो. पेडल चांगलंच आहे, पण ओरिजिनल आता लाखांत जातो आणि त्याच सर्किटवर बनलेल्या नकला ढिगाने मिळतात. उधार मिळत असेल तर एक रात्र लावून बघ, मग ठरव.

प्रश्न : माझ्याकडे बूस्ट आणि ओव्हरड्राइव्ह दोन्ही आहेत. आधी कोण, नंतर कोण? यूट्यूबवर प्रत्येकजण वेगळं सांगतो.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : सगळे बरोबर सांगतात, कारण प्रत्येकाला वेगळं हवंय. बूस्ट आधी ठेवला की ओव्हरड्राइव्हचे डायोड जास्त कापतात : जास्त डिस्टॉर्शन, लांब सस्टेन, आवाज मात्र जवळपास तेवढाच. बूस्ट नंतर ठेवला की ओव्हरड्राइव्हचा रंग तोच आणि सगळं मिळून वर उचललं जातं, पण हे अँप क्लीन असेल तरच, नाहीतर वर फोंड्याच्या मित्राला सांगितलं तेच तुमचंही होणार. क्लीन अँपवर वाजवत असाल तर नंतर, फाटलेल्या अँपवर वाजवत असाल तर आधी, इथून सुरुवात करा. अँपला इफेक्ट्स लूप (प्रीअँप आणि मागच्या ट्यूबच्या मध्ये पेडल जोडायची सोय) असेल तर बूस्ट त्यात घालून बघा, प्रीअँपच्या नंतर आल्यामुळे, मागच्या ट्यूबना जागा शिल्लक असेल तर, सोलोला निव्वळ आवाज मिळतो. बऱ्याच बुटीक अँपना लूपच नसतो, त्यांच्या मालकांनी याबद्दल रडू नये, त्यासाठीच पैसे दिलेत.

प्रश्न : जर्मेनियम ट्रेबल बूस्टर घेतलाय. सकाळी सुंदर, दुपारी मांद्र्याच्या घरात वाजवला तर मळका आणि दमलेला आवाज. आणि बाकीच्या पेडलबरोबर एकाच अडॅप्टरवर लावला तर चालतच नाही. खराब निघाला का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : खराब नाही, गरम झालाय. जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापला की त्यातून करंटची गळती वाढते आणि बायस (ट्रान्झिस्टर ज्या बिंदूवर बसवलेला असतो तो) सरकतो. साठच्या दशकातल्या डॅलस रेंजमास्टरमध्ये ओसी४४ नावाचा असाच एक ट्रान्झिस्टर होता, आणि ते सगळं थंडीच्या देशात बनलेलं, एप्रिलमधली पत्र्याखालची दुपार त्यांच्या हिशोबात नव्हती. काही बिल्डर बायसला बाहेर नॉब किंवा आत ट्रिमपॉट देतात, तुमच्यात असेल तर दुपारी फिरवून बघा. नसेल तर सावली, पंखा आणि ट्यूब अँपच्या डोक्यावर पेडल न ठेवणं. तेवढं जमत नसेल तर सिलिकॉनचा ट्रेबल बूस्टर घ्या, जरा टोकदार वाजतो पण मे महिन्यातही तसाच वाजतो.

अडॅप्टरचं कारण : जुन्या पद्धतीचे पीएनपी जर्मेनियम पेडल बहुतेक पॉझिटिव्ह ग्राउंड असतात, बाकीची पेडलं निगेटिव्ह ग्राउंड. एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरवरून अनेक पेडलांना जाणाऱ्या वायरवर) दोन्ही लावली की शॉर्ट. त्याला वेगळी बॅटरी द्या किंवा आयसोलेटेड सप्लायचं (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणाऱ्या पॉवर सप्लायचं) स्वतंत्र आउटपुट. आणि तो गिटारच्या लगेच नंतर पाहिजे, त्याच्या आधी ट्यूनर किंवा कसलाही बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) नको, नाहीतर कर्कश होतो. गिटारिस्ट रोरी गॅलाघर आणि क्वीन बँडचा ब्रायन मे, दोघांनीही ट्रेबल बूस्टर लावला तो एसी३०समोर, आधीच फाटायला आलेल्या अँपवर. क्लीन अँपसमोर लावून 'नुसतं किणकिण करतं' म्हणू नका.

प्रश्न : माझा भाऊ बोटीवर आहे. त्याने अमेरिकेतून माझ्यासाठी एक ट्यूब अँप आणि दोन पेडलं आणलीत. मागे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलंय. इथे लावू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : सरळ भिंतीत अजिबात नको! २३० व्होल्ट गेले तर नशीब बरं असेल तर फ्यूज जाईल, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. आधी एखाद्या जाणत्या टेक्निशियनकडून बघून घ्या की आतल्या ट्रान्सफॉर्मरला २३०चं टॅप आहे का, काही अँपना असतं आणि मग वायर बदलून काम होतं, फ्यूजचं रेटिंगही तेव्हा बदलायचं. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, अँपच्या मागे जेवढे वॉट लिहिलेत त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा. जाहिरातीतले '२० वॉट' धरू नका, ते अँपकडून स्पीकरकडे जाणारे, भिंतीतून अँप त्याच्या कितीतरी पट ओढतो. स्टेप-डाउन व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही, त्यामुळे फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला अँप आपल्या ५०वर जास्त तापतो, पहिल्या दिवशी तासाभराने हात लावून बघा.

तीन पिनांपैकी अर्थची पिन कापू नका, हम (विजेची घूंघूं) येतो म्हणूनही नको. ओल्या वाळूवर अनवाणी उभा राहून एक हात तारेवर आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत अर्थिंग नसलेला अँप जीव घेऊ शकतो. हम ग्राउंड लूपचा (अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्याचा) असेल तर तो पेडलच्या आयसोलेटेड सप्लायने, किंवा अँप आणि पेडलबोर्ड विजेच्या एकाच बोर्डवर लावून कमी होतो. पेडलचे अडॅप्टर वाचून बघा, १००-२४० लिहिलं असेल तर ते इथे चालतात, फक्त पिन बदलायची.

पावसाचे चार महिने अँप झाकून ठेवताय तर प्लास्टिकने नको, सुती चादरीने, आणि आठवड्यातून एकदा तासभर चालू करा म्हणजे आतली ओल सुकते. स्पीकर जोडलेला असतानाच. स्पीकर काढून ट्यूब अँप कधीच चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

प्रश्न : फ्लॅटमध्ये राहतो, खालच्या काकू वयस्कर आहेत. १८ वॉटचा अँप आहे, ड्राइव्ह हवा पण आवाज नको.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : मग ड्राइव्ह पेडलकडून घ्या, अँप आठ-नऊवर क्लीन ठेवा, आणि या वेळी पेडलचा ड्राइव्ह बारावर नेलात तरी चालेल, लेव्हल मात्र अँपइतकीच. बॉस बीडी-२, मार्शलच्या जुन्या ब्लूजब्रेकर पेडलच्या धर्तीवरची कुठलीही, यातलं काहीही. कमी आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून मिड फार उचलणारं पेडल घरी नाकातलं वाटेल. अँपच्याच ट्यूब फाटलेल्या हव्या असतील तर अँप आणि स्पीकरच्या मध्ये अटेन्युएटर (अँपची ताकद स्पीकरकडे जाण्याआधी शोषून घेणारा डबा), त्याचे ओहम आणि वॉट अँपला पुरेसे आहेत ना ते बघून. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर वाजवायला नियमाने बंदी आहे, फ्लॅटमध्ये काकूंचा नियम बहुधा त्याआधी लागू होतो.

प्रश्न : पेडलला ९ऐवजी १८ व्होल्ट दिले की हेडरूम (आवाज फाटण्याआधीची मोकळी जागा) वाढते म्हणतात. देऊ?
– एक वाचक, वास्को

उत्तर : पेडलवर किंवा मॅन्युअलमध्ये १८ लिहिलं असेल तर द्या, झोटिक ईपी बूस्टरसारखे काही चालतात आणि खरंच मोकळे वाजतात. लिहिलं नसेल तर नको. क्लॉन टाइपला तर मुळीच नको, आत व्होल्टेज वाढवणारी चिप आधीच आहे, तिला साधारण १०च्या वर झेपत नाही आणि १८ला ती जळते.