पाडव्याला नको, रामनवमीला निघा

भाऊ, तुम्ही विचारलंय की गुढीपाडव्याला जोडून चार दिवस सुट्टी आहे, नागपूरहून कोकणात जाऊन खाडीत गरी (मासे धरायचा गळ) टाकायची आहे, तर कुठे जाऊ आणि काय लागेल. माझं म्हणणं आधीच सांगतो: पाडव्याचं तिकीट काढू नका. रजा आठवडाभर पुढे ढकला आणि रामनवमीला गाडीत बसा.

आपण अंबाझरी-गोरेवाडा तलावांच्या काठावर शिकलेली माणसं. आपलं पाणी जागेवर उभं, म्हणून सकाळ-संध्याकाळ एवढंच बघायची सवय. खाडीतला मासा भरतीबरोबर आत येतो आणि ओहोटीबरोबर उतरतो. कोकणात भरती तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. पाडवा म्हणजे प्रतिपदा, म्हणजे भरती दुपारी पाऊणच्या सुमाराला आणि सकाळी साडेसहाला पाणी पार तळाला. मासा लागायची वेळ ऐन उन्हात, तोवर समुद्रावरचा वाराही सुटलेला. त्यात अमावस्या नुकती झालेली, म्हणून उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी. खाडीच्या मुखाशी ओढ एवढी की दोरीला बांधलेलं शिशाचं वजन तळाला टिकत नाही, आणि पाणी गढूळ.

नवमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, ओढ मंद. तुम्ही उतराल तेव्हा दशमी. भरती सकाळी साडेसातला. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. पाणी रोज थोडं जास्त चढतं, उजाडताना मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा असतो, लाट नसते. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटी लागल्यावरचा पहिला तास, एवढंच मन लावून बसा. बाकीचा वेळ झोपा.

चैत्रात नद्यांचं गोडं पाणी आटलेलं असतं, खारं पाणी खाडीत खूप आत शिरतं. त्यामुळे तांबोशी आणि जिताडा हे खाडीतले मासे फक्त मुखाशीच शोधू नका. आत कांदळवनाच्या कडेला, पुलाच्या खांबांशी, खडकांच्या सावलीत बघा. आमिष जिवंत कोळंबी. त्याला तोड नाही, आणि पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्या कुणाकडेही मागितली तर मिळते. आपली रोहू-कतल्याची कणकेची गोळी घरीच ठेवा. वाळूच्या पट्टीवर हलकी दोरी, लहान गरी आणि सोललेल्या कोळंबीचा तुकडा लावला तर मुडदुशी हा लहान मासा लागतो. नवख्याला तीच हात देते, आणि तव्यावर तिच्याइतका गोड मासा मला दुसरा माहीत नाही. शेंगाळा (मिशावाला मासा) नक्की येणार. त्याचे काटे विषारी असतात, हात लावू नका, पकडीनेच सोडवा.

जागा म्हणाल तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळला उतरून मालवणजवळचं देवबाग, कर्ली नदीची खाडी. मालवणला मात्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपास गरी टाकू नका, बाकीच्या हद्दीबद्दलही स्थानिक कोळी-गाबित मच्छिमारांना विचारूनच बसा. खडकावर उभं राहाल तर परतीची वाट भरतीत बुडते का, हे ओहोटीतच बघून ठेवा. रीळ रोज गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर नागपूरला पोचेपर्यंत ते जाम होईल.

एक कळकळीची विनंती. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. पावसाळ्याच्या तोंडावर हे मोठे मासे अंडी घालायला मुखाकडे उतरतात. हातभर लांब जिताडा लागला तर फोटो काढा, पाण्यात धरून त्याला दम घेऊ द्या आणि सोडा. खायला तांबोशी आहे, बोय आहे.

रामनवमीला रजा मिळत नसेल तर वैशाखातली दशमी ते त्रयोदशी धरा, हिशेब तोच. मे अर्धा सरला की वारा फिरतो, लाटा वाढतात, मग काठावरून काही जमत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते. तेव्हा शाळेच्या सुट्ट्या बघून मेअखेरचा बेत करत असाल तर तो थेट दिवाळीनंतर न्या.