महागाईचा दर उतरला, मग वाण्याचे बिल का उतरत नाही?

या महिन्यात सांगली जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे महागाईविषयी आहेत. तिन्ही पत्रांत मेहनतीने लिहिलेला हिशेब आहे, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : मी सांगलीच्या गावभागात राहते. लग्न झाल्यापासून घरखर्चाची वही लिहिते आणि 2012 पासूनच्या सगळ्या वह्या जपून ठेवल्या आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये महागाईचा दर पाव टक्क्यावर आल्याचे वर्तमानपत्रात वाचले. आमचे त्या महिन्याचे वाणसामानाचे बिल मात्र आदल्या ऑक्टोबरपेक्षा चारशे रुपयांनी जास्त आले. यजमान म्हणतात, तुझाच हात सैल झाला. वही खोटी की वर्तमानपत्र खोटे? — एक गृहिणी, सांगली

उत्तर : दोन्ही खरी आहेत, आणि आपला हात सैल झालेला नाही हेही खरे आहे. त्याचा पुरावा आपण पत्रासोबत पाठवलेल्या दोन पानांच्या झेरॉक्समध्येच आहे, पण त्याकडे नंतर येतो.

आधी वर्तमानपत्रातल्या आकड्याचा अर्थ पाहू. महागाईचा दर म्हणजे किंमत नव्हे. गेल्या वर्षी याच महिन्यात असलेल्या किमतीपेक्षा यंदाची किंमत किती टक्क्यांनी वर गेली, एवढेच तो सांगतो. ऑक्टोबर 2024 मध्ये किरकोळ महागाईचा दर 6.21 टक्के होता आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तो 0.25 टक्के झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये शंभर रुपयांना येणाऱ्या सामानाला वर्षभराने 106 रुपये 21 पैसे पडले, आणि आणखी एका वर्षाने साधारण 106 रुपये 48 पैसे. म्हणजे किमती वर चढल्या आणि चढलेल्या जागीच थांबल्या. ‘महागाई घटली’ हे शब्द ऐकून आपण किमती खाली येण्याची वाट पाहतो, ही चूक आपली नाही. मथळे लिहिणाऱ्यांनी हा फरक स्पष्ट करायला हवा, आणि तो क्वचितच केला जातो.

भाजीपाल्याच्या बाबतीत हा हिशेब आणखी उघड दिसतो. ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्या आदल्या वर्षापेक्षा 42.18 टक्क्यांनी महाग होत्या आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्या 27.57 टक्क्यांनी स्वस्त झाल्या. शंभराच्या भाजीचे आधी 142 रुपये झाले आणि मग 103. एवढी मोठी घसरण होऊनही भाजी दोन वर्षांपूर्वीच्या भावाच्या थोडी वरच राहिली. एकूण दर पाव टक्क्यापर्यंत खाली येण्यात भाजीचा वाटा मोठा होता. पण भाजी आपण मंडईतून रोख घेता आणि ती वाण्याच्या बिलात येतच नाही. वाण्याच्या बिलात तेल येते, आणि खाद्यतेले व स्निग्ध पदार्थ त्याच महिन्यात 11 टक्क्यांहून अधिक महागले होते. देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण आयात करतो. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केले. मे 2025 च्या अखेरीस ते 10 टक्क्यांवर आणले, तरी शून्यावर गेले नाही. त्यातच ऑक्टोबर महिना दिवाळीचा होता आणि 2025 मध्ये खोबरे चांगलेच कडाडले होते. करंजीला खोबरे लागते, चकलीला तेल लागते. तूरडाळ त्या वर्षी उतरली होती, पण तिने वाचवलेले पैसे खोबऱ्याने आणि तेलाने खाल्ले.

दुसरे कारण भाराचे आहे. महागाईचा दर ज्यावरून निघतो तो ग्राहक किंमत निर्देशांक राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय काढते, तेव्हा प्रत्येक खर्चाला एक भार, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, देते. 2012 हे पायाभूत वर्ष असलेल्या, म्हणजे त्या वर्षीच्या किमती शंभर धरणाऱ्या, मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेये यांचा एकत्रित भार 45.86 टक्के होता. ग्रामीण भागासाठी तो 54.18 आणि शहरी भागासाठी 36.29 होता, तर शहरी निर्देशांकात घरभाड्याचा भार 21.67 टक्के होता. आपले घर वडिलोपार्जित आहे, भाडे द्यावे लागत नाही. त्यामुळे या आकड्यातला भाड्याचा भाग आपल्या घराला लागूच होत नाही. प्रत्येक घराची महागाई वेगळी असते, ती अशी. हे भार 2011-12 च्या खर्च-सर्वेक्षणावरून ठरले होते आणि लोकांच्या खर्चाची रीत तेव्हापासून बरीच बदलली आहे. म्हणूनच 2024 हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका तयार करण्यात आली. ती मालिका वास्तवाच्या अधिक जवळ असली, तरी एका घराची वही तिच्यात मावणार नाही.

आता आपल्या झेरॉक्सकडे वळतो. नोव्हेंबर 2012 च्या पानावर ‘शेंगतेल 5 किलो’ अशी ओळ आहे. ऑक्टोबर 2025 च्या पानावर ‘शेंगतेल 3 किलो’ आहे आणि त्याखाली ‘सोयातेल 1 पिशवी’. चहापूड अर्ध्या किलोची पाव किलो झाली आहे. जुन्या पानावर काजू पाव किलो आहेत. नव्या पानावर दिवाळीच्या महिन्यातही काजू नाहीत, आणि समासात पेन्सिलीने ‘पुढच्या वेळी’ असे लिहिलेले आहे. बिल वाढले, पण पिशवीतले सामान घटले. हा सैल हात नव्हे. तेरा वर्षे आवळत आणलेला हात आहे. हे पान यजमानांना अवश्य दाखवा.

आपल्या घराची महागाई काढायची असेल, तर वहीतले दहा-पंधरा जिन्नस निवडा आणि त्यांचे 2012 चे प्रमाण पक्के धरा. पाच किलो शेंगतेल, दहा किलो शाळू, अर्धा किलो चहा, जसे होते तसे. मग प्रत्येक वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये तेवढ्याच सामानाला किती पैसे पडले असते, ते मांडा. सरकारी निर्देशांकही असाच ठरलेली टोपली घेऊन निघतो. त्याशेजारी प्रत्यक्ष झालेला खर्च लिहा. दोन्ही रकमांमधला फरक म्हणजे आपल्या घराने मुकाट्याने सोडून दिलेल्या गोष्टींची किंमत. तो आकडा कोणत्याही सरकारी तक्त्यात येत नाही, आणि माझ्या मते महागाईच्या हिशेबात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

वहीत किमतीशेजारी वजनही लिहीत चला. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाच रुपयांनाच मिळतो, पण आतले ग्रॅम कमी झालेले असतात आणि वहीत तो ‘भाव तोच’ म्हणून नोंदला जातो. पाकिटावर छापील किमतीसोबत प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत छापणे आता बंधनकारक आहे. अक्षर बारीक असते, चष्मा लावून वाचावे लागते, पण तोच खरा भाव. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू आणि केसांचे तेल यांवरील वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. ती कपात आपल्यापर्यंत पोहोचली का, हेही प्रति ग्रॅम किमतीवरूनच कळेल.

प्रश्न : वाळवा तालुक्यातील एका साखर कारखान्यातून मी 2012 मध्ये निवृत्त झालो. मला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून महिना 1,940 रुपये मिळतात. तेरा वर्षांत त्यात एक रुपयाही वाढ झाली नाही. धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाला, त्याची पेन्शन मात्र सतत वाढते. माझ्या कागदपत्रांत काही चूक झाली असेल का? — एक निवृत्त कामगार

उत्तर : काका, कागदपत्रांत चूक नाही. चूक योजनेच्या रचनेत आहे. भावाच्या पेन्शनला महागाई वाढ जोडलेली आहे. शिमल्याचा श्रम ब्यूरो औद्योगिक कामगारांसाठीचा किंमत निर्देशांक काढतो, त्यावरून केंद्र सरकार जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा दर ठरवते आणि राज्य सरकार त्यामागून जाते. जुलै 2025 पासून केंद्राचा हा दर 58 टक्के झाला. म्हणजे दहा हजार मूळ पेन्शन असणाऱ्याला त्या दराने वर 5,800 रुपये. आपल्या 1995 च्या योजनेत महागाईशी जोडलेली अशी वाढच नाही. आपण निवृत्त झालात तेव्हा या योजनेसाठी कितीही पगार असला तरी 6,500 रुपयेच धरले जात, म्हणून सुरुवातच इतकी थोडक्यात झाली. पुढे सप्टेंबर 2014 पासून ही मर्यादा 15,000 रुपये झाली आणि किमान पेन्शन 1,000 रुपये ठरली. तो हजाराचा आकडा त्यानंतर हललेला नाही.

2012 साली शंभर असलेला किंमत निर्देशांक ऑक्टोबर 2025 मध्ये 197 च्या आसपास होता. आपले 1,940 रुपये त्या वेळच्या रुपयांत मोजले, तर जेमतेम 985 रुपये भरतात. ज्या निर्देशांकावरून भावाची पेन्शन वाढते, त्याचे नावच ‘औद्योगिक कामगारांसाठीचा’ असे आहे, आणि आपण आयुष्यभर औद्योगिक कामगार होतात. त्याचा लाभ आपल्यालाच नसावा, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. किमान 7,500 रुपये पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता, ही पेन्शनधारकांच्या संघटनांची मागणी रास्त आहे. तालुक्यातल्या पेन्शनधारकांसोबत आपणही त्या निवेदनावर सही करावी, असा माझा आग्रह आहे.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे सहा लाख रुपये बँकेत ठेवल्याचे आपण लिहिले आहे. टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के आहे. त्या दराने सहा लाखांवर वर्षाला 49,200, म्हणजे दर तिमाहीला 12,300 रुपये व्याज येते, आणि पैसे गुंतवताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही. मात्र सगळे व्याज खर्च करू नका. किमती वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत राहिल्या, तर साधारण चौदा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. म्हणून तिमाहीच्या व्याजातले शक्य तेवढे, निदान चौथा हिस्सा तरी, पुन्हा ठेवीत टाका. महिन्याला पाच टक्के देतो म्हणणारा कोणी ओळखीतून आला, तरी त्याला दारातूनच परत पाठवा. वर्षाला साठ टक्के प्रामाणिकपणे मिळवून देणारा धंदा नसतो, आणि अशा माणसांच्या नादी लागून निवृत्तीची पुंजी गमावलेली घरे आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या साताऱ्यात मी पाहिली आहेत.

म्हातारपणी दवाखान्याचा खर्च किराण्यापेक्षा वेगाने वाढतो. आपले वय 71 आहे. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान कार्ड काढता येते आणि त्यावर कुटुंबातल्या सत्तरीवरील सदस्यांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. आधार कार्ड घेऊन हे काम याच महिन्यात उरका. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या. जानेवारी 2025 मध्ये एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले असले, तरी आपल्याला ते निम्मेच पडते आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत होईल.

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. गेल्या हंगामात चाळीस रुपये किलोने माल दिला. त्याच आठवड्यात पुण्यात शिकणाऱ्या मुलाने एकशे वीस रुपये किलोने द्राक्षे विकत घेतली. महागाई वाढली म्हणतात, तर ती आमच्या खिशात का येत नाही? — एक बागायतदार

उत्तर : आपला अनुभव अपवादात्मक नाही. रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्राहकाने द्राक्षांसाठी दिलेल्या रुपयातले सुमारे 35 पैसे शेतकऱ्याला मिळतात, असे आढळले. टोमॅटोसाठी हा वाटा 33, तर कांद्यासाठी 36 पैसे होता. उरलेल्या पैशांत तोडणी, पेटी, वाहतूक, अडत, सडलेला माल आणि दोन-तीन हातांचा नफा येतो. द्राक्ष घडावर थांबत नाही, व्यापाऱ्याला ते ठाऊक असते, आणि सौद्यात आपले पारडे तिथेच हलके होते. आपली मजुरी आणि फवारणीची औषधे कितीही महाग झाली, तरी ग्राहक किंमत निर्देशांकात त्यांची नोंद होत नाही, कारण तो विकत घेऊन खाणाऱ्याचा निर्देशांक आहे. भाव चढले की सरकारही खाणाऱ्याच्या बाजूने धावते. डिसेंबर 2023 ते मे 2024 या काळातली कांदा निर्यातबंदी आठवा. शहरात भाव आवरले गेले, आणि त्याची किंमत कांदा पिकवणाऱ्याने मोजली.

तासगावचा बेदाणा याच अडचणीवरचा जुना उपाय आहे. भाव पडलेले असताना मालाचा काही भाग सुकवण्यासाठी रॅकवर टाकला, तर तयार बेदाणा शीतगृहात ठेवून काही महिने थांबता येते. त्यासाठी शेड, मजूर आणि शीतगृहाचे भाडे लागते, म्हणून सगळी बाग बेदाण्याला वळवा असे मी म्हणणार नाही. पण हंगाम सुरू होण्याआधी एक काम करा. छाटणीपासून तोडणीपर्यंत औषधे, खते, मजुरी, वीज आणि कर्जाचे व्याज एकत्र मांडून एका किलोला किती खर्च आला, तो आकडा काढून ठेवा. व्यापारी बागेत येईल तेव्हा त्याच्या भावाशेजारी हा आकडा धरा, आणि कोणत्या भावाखाली माल द्यायचा नाही व किती घड रॅकवर न्यायचे, हे तो येण्याआधीच घरात बसून ठरवा.